हाड वाढते, स्नायूंना वाढवावे लागते

सातारा जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे सविस्तर पत्र माझ्यापुढे आहे. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नातवाला दोन वर्षांपूर्वी दुचाकीचा अपघात झाला. नडगीचे हाड मोडले, पुढे जुळलेही. परंतु जुळताना पाय चार सेंटीमीटरने आखूड राहिला. आता पायाला रिंग बसवून तो वाढवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तिला साडेचार आठवडे झाले, पाय अडीच सेंटीमीटर वाढला आणि शल्यचिकित्सक समाधानी आहेत. मुलगा व सून दोघेही नोकरीला जातात, त्यामुळे दिवसभर नातवाजवळ असतात त्या बहात्तर वर्षांच्या आजी. त्या लिहितात, ‘पहिले पंधरा दिवस तो सारे उत्साहाने करीत असे. आता फिजिओथेरपीच्या बाई येण्याची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. पोटरी ताणली की कळवळतो. मला पाहवत नाही. हाड तर वाढतेच आहे. मग रिंग निघेपर्यंत व्यायाम थांबवले तर चालणार नाही का?’

आजी, चालणार नाही. औषधाची एखादी मात्रा चुकली, दुधाचा पेला राहून गेला, तर ते निभावून नेता येते. पोटरीचे ताणाचे व्यायाम आठ-दहा दिवस थांबले, तर मात्र ते नुकसान भरून काढणे फार कठीण जाते. तुमच्या प्रश्नातच त्याचे कारण दडलेले आहे. ‘हाड तर वाढतेच आहे,’ असे तुम्ही म्हणता. हाड वाढत आहे म्हणूनच हे व्यायाम हवेत. हे नीट समजण्यासाठी या उपचाराची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

ही पद्धत सैबेरियातून आली. गाव्रिल इलिझारोव (१९२१–१९९२) हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात रशियातील कुर्गान प्रांतात एका खेड्यातील साधे डॉक्टर म्हणून रुजू झाले. मोडलेली, न जुळलेली हाडे घेऊन येणाऱ्या रुग्णांची तिथे वाण नव्हती. सायकलच्या चाकात ताणलेल्या आरा जशा असतात, तशा बारीक तारा हाडातून आरपार घालून बाहेर धातूच्या कड्यांना ताणून बसवायच्या, असे उपकरण त्यांनी १९५०च्या दशकाच्या प्रारंभी तयार केले. हाड कापून त्याचे दोन भाग अगदी हळूहळू दूर नेले, तर मधल्या पोकळीत शरीर नवे हाड निर्माण करते, हे त्यांच्या ध्यानात आले. ती गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. तोही एका वेळी नाही, तर पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवणारा वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात पाय गमावण्याच्या बेतात आला होता. अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड जुळेना, तेव्हा तो कुर्गानला गेला, आणि नंतर त्याच पायाने पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारता झाला. पश्चिम युरोपला ही विद्या कळली ती १९८०च्या सुमारास, कार्लो माउरी हा इटालियन गिर्यारोहक तिथून बरा होऊन परतल्यावर. आपल्याकडेही ती आता चांगली रुजली आहे. त्यासाठी मुंबई-पुणेच गाठले पाहिजे असे राहिलेले नाही. अकोल्यासारख्या शहरातही हे काम होते.

आता हिशेब पाहा. शस्त्रक्रियेनंतर साधारण पाच ते दहा दिवस काहीच फिरवत नाहीत. नंतर दिवसाला एक मिलिमीटर, म्हणजे चार सेंटीमीटरला चाळीस दिवस. पण ते चाळीस दिवस संपले म्हणजे रिंग निघाली असे होत नाही. नवे हाड सुरुवातीला मऊ असते. ते घट्ट होण्यास वाढवण्याच्या काळाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. मोठ्या माणसाच्या नडगीत एका सेंटीमीटरमागे एक ते दीड महिना रिंग पायावर राहते, असे धरून चालावे. नातवाला चार ते सहा महिने लागतील. हा आकडा घरात सर्वांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असावा. ‘दोन महिन्यांत मोकळा होशील,’ असे प्रेमापोटी कोणी सांगितलेले असते, आणि दोन महिने उलटले की रुग्णाचा धीर सुटतो.

क्ष-किरण चित्राविषयीही येथेच सांगतो. पहिल्या काही आठवड्यांत हाडाच्या दोन तुकड्यांमधील जागा चित्रात रिकामी दिसते आणि घरच्यांचे काळीज चरकते. नव्या हाडात चुना भरल्यावरच ते चित्रात उमटते. प्रथम धुक्यासारखे, नंतर पांढऱ्या उभ्या रेघांसारखे, आणि शेवटी भोवतालच्या हाडासारखे. प्रत्येक वेळचे चित्र डॉक्टरांकडून नातवालाच दाखवून घ्या. आपल्या पायात काय घडते आहे हे ज्याने स्वतः पाहिले, तो व्यायामाला कमी कुरकुर करतो, असा माझा अनुभव आहे.

हाडाचे असे झाले. नट फिरवला की ते वाढते. त्याला रुग्णाच्या इच्छेशी काही देणेघेणे नाही. पोटरीचा स्नायू मात्र गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाला धरलेला असतो आणि खाली जाड कंडरेने टाचेला. त्याच्या दोन टोकांमधले अंतर रोज एक मिलिमीटरने वाढते, आणि तो आपली लांबी तितक्या सहजी वाढवत नाही. त्यातून तुमच्या नातवाचा पाय दोन वर्षे आखूड होता, म्हणजे त्या स्नायूला आखूड राहण्याचीच सवय झालेली. ताण असह्य झाला की तो दोन पळवाटा शोधतो. टाच वर ओढतो, म्हणजे पाऊल खाली लोंबते. आणि गुडघा वाकवतो. दोन्हींमुळे रुग्णाला बरे वाटते. तीन-चार महिने असेच राहिले, तर पाय लांबीने बरोबर होतो, पण टाच जमिनीला टेकत नाही. मग कंडरा सैल करण्याची आणखी एक शस्त्रक्रिया. पूर्ण लांबीचा पाय असूनही चवड्यावर चालणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांपैकी एकाचेही हाड वाढायचे राहिले नव्हते.

या पळवाटांना घरातील माया नकळत हातभार लावते, आणि त्यातील पहिली म्हणजे गुडघ्याखालची उशी. रुग्ण कण्हतो, आजी मऊ उशी गुडघ्याखाली सरकवतात, त्याला लगेच झोप लागते. ती उशी काढा. तीच उशी, किंवा गुंडाळलेला टॉवेल, टाचेच्या किंचित वर, पोटरीच्या खालच्या टोकाला ठेवा. टाच अधांतरी राहील आणि गुडघा आपल्या वजनाने सरळ होईल. पहिले दोन दिवस तो रागावेल. दिवसभर असे ठेवणे जमले नाही, तरी जागेपणी दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटे जमावे. दुसरे, जड चादर किंवा गोधडी पायाच्या बोटांवर ओढून घातली की पाऊल खाली ढकलले जाते. ती रिंगवरून सैल सोडावी. रिंगला पावलासाठी पट्टी किंवा तळवा जोडून दिला असेल, तर तो रात्री काढून ठेवायचा नसतो. पाऊल नडगीशी काटकोनात राहावे म्हणून तर तो दिलेला आहे, आणि झोपेतल्या सात-आठ तासांत स्नायू सर्वांत अधिक आखडतो. तिसरे, खुर्चीत पाय खाली सोडून तासन्‌तास दूरदर्शन पाहणे. समोर स्टूल ठेवून पाय सरळ ठेवता येतो.

ताणाचा व्यायाम कसा करायचा, हे फिजिओथेरपीच्या बाई दाखवतातच. तुम्हाला त्यातले मर्म ठाऊक असावे म्हणून लिहितो. पाय लांब करून बसावे, गुडघा सरळ, चवड्याभोवती लांब टॉवेल किंवा जुनी ओढणी घ्यावी आणि दोन्ही टोके आपल्याकडे हळूहळू ओढावीत. पोटरीत ताण जाणवला की तिथेच अर्धा मिनिट थांबावे. हिसके देऊ नयेत. सोडावे, श्वास घ्यावा, पुन्हा करावे. असे आठ-दहा वेळा, आणि दिवसातून चार-पाच बैठका. तोच व्यायाम गुडघा थोडा वाकवूनही करायचा असतो, कारण पोटरीत खोलवर आणखी एक स्नायू आहे जो गुडघा ओलांडत नाही. त्याला असाच ताण मिळतो. एकदाच तासभर रडतकढत करण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा केलेले अधिक पचते. हाडही दिवसातून चार वेळा पाव पाव मिलिमीटर वाढते आहे. स्नायूलाही तोच न्याय लावा. वेदनाशामक गोळीनंतर अर्धा-पाऊण तासाने बैठक ठेवली, तर कळवळणे निम्म्यावर येते. ही साधी गोष्ट पुष्कळ घरांत कोणी सांगितलेलीच नसते. गोळी सकाळी न्याहारीबरोबर आणि बाई येतात दुपारी बारा वाजता, मग तो भिंतीकडे तोंड करणार नाही तर काय करणार? वेळा जुळवून द्या, अशी डॉक्टरांना विनंती करा. मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत. सूज उतरवणाऱ्या काही वेदनाशामकांमुळे हाड भरण्याचे काम मंदावू शकते, म्हणून शल्यचिकित्सक ती निवडून देतात.

हे सारे नडगीच्या हाडाविषयी झाले. मांडीचे हाड वाढवलेले असेल तर चित्र बदलते. तिथे गुडघा वाकणे कमी कमी होत जाते, म्हणून वाकवण्याचे व्यायाम प्रमुख असतात, आणि गुडघा सांध्यातून मागे सरकण्याचा धोकाही असतो. तेव्हा शेजारच्या रुग्णाचे पाहून व्यायाम करू नयेत. आणि कोणीही, अगदी पैलवान मामांनीसुद्धा, रुग्णाचा पाय धरून जोर लावून वाकवू अथवा सरळ करू नये.

ताण आणि इजा यांतला फरक आजींना ओळखता यायला हवा. पोटरीत ओढ लागणे, दुखणे, सोडल्यावर काही मिनिटांत निवणे, हे अपेक्षित आहे. पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा, सतत मुंग्या, पायाचा अंगठा वर उचलता न येणे, ही लक्षणे चेतातंतू ताणला जात असल्याची आहेत. अशा वेळी त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दूरध्वनी करावा. ते बहुधा नट फिरवण्याचा वेग कमी करतील किंवा काही दिवस थांबवतील. त्यात काही बिघडले असे मानू नये. मात्र हा निर्णय घरी घ्यायचा नसतो. दुखते म्हणून आपणच चार दिवस नट फिरवला नाही, तर तरुण माणसाचे हाड अपुऱ्या लांबीवरच घट्ट होऊन बसते. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम झाली, अथवा धाप लागून छातीत दुखू लागले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी असू शकते. याच कारणाने पोटरीला तेल लावून चोळण्याचा मोह आवरावा. तारांभोवतालची त्वचा सांगितल्याप्रमाणेच स्वच्छ करावी, तिथे हळद किंवा कोणताही लेप लावू नये. लाली, पू, ताप किंवा तार हलू लागली तर कळवावे. तारांच्या स्वच्छतेविषयी पुढे कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

उभे राहणे आणि चालणे हाही व्यायामच आहे. रिंग लावलेल्या पायावर, डॉक्टरांनी सांगितले असेल तितके वजन, वॉकर धरून देता येते, आणि त्या वजनानेच नवे हाड घट्ट होते. सुरुवातीला पाय आखूड असल्याने चपलेला खाली थर लावून द्यावा लागतो. तो नसेल तर जमीन गाठण्यासाठी रुग्ण चवड्यावर उभा राहतो, म्हणजे पुन्हा तीच पळवाट. पाय वाढेल तसा चांभाराकडून एकेक थर कमी करून घ्यावा. हाडाच्या आत दांडा घालून लांबी वाढवण्याचीही एक पद्धत आहे. तिथे बाहेर रिंग नसते, पण वजन देण्यावर पुष्कळ काळ बंधन असते. हल्ली केवळ उंची वाढावी म्हणून धडधाकट तरुण याच शस्त्रक्रियेची चौकशी करतात. माझे मत विचाराल तर मी त्यांना नातवासारख्या एखाद्या रुग्णाच्या घरी एक दुपार घालवून यायला सांगेन.

आता मनाविषयी. चौथा ते आठवा आठवडा हा या आजारपणातला सर्वांत खडतर काळ. शस्त्रक्रियेचे नावीन्य ओसरलेले असते, भेटायला येणारे मित्र कमी झालेले असतात, पोटरीचा ताण वाढत चाललेला असतो आणि रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांनी येते. कूस बदलताना रिंग अंथरुणात अडकते. नेहमीची पॅंट घालता येत नाही, शौचालयात खाली बसता येत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, ‘अजून किती दिवस?’ नातू भिंतीकडे तोंड करतो ते आळसाने नव्हे. ‘धीर धर’, ‘मनावर घे’ अशा शब्दांनी त्याच्या हाती काही लागत नाही. त्याला मोजता येईल असे काहीतरी द्या. तुम्ही शिक्षिका होता. एक शंभर पानी वही घ्या. रोज चार वेळा नट फिरवल्याच्या चार खुणा त्याने स्वतः कराव्यात आणि जमत असेल तर नटही स्वतःच फिरवावा. गुडघा सरळ केल्यावर त्याच्याखाली किती बोटे सरकतात ते लिहावे. बोटे कमी होत जायला हवीत. टॉवेलने ओढल्यावर पाऊल काटकोनापर्यंत येते की नाही, वॉकरने किती पावले चालला, हेही लिहावे. दर रविवारी मागील रविवारचे पान उघडून शेजारी ठेवावे. कधी आकडे मागे जातील. ते खोडू नका. डॉक्टरांना वही दाखवली की त्यातूनच त्यांना बरेच कळते.

पॅंटच्या एका बाजूची शिवण उसवून वेलक्रो लावून घ्या. शिंपी अर्ध्या तासात करून देतो, आणि आठवड्यांनंतर प्रथमच आपले नेहमीचे कपडे घालून तो दारात उभा राहू शकेल. शौचालयात उंच खुर्ची बसवा. घरातील एखादे खरे काम त्याच्याकडे सोपवा: वीजबिल भरणे, किराण्याचा हिशेब, भाजी निवडणे, धाकट्या भावंडाचे गणित. रुग्णाला सर्वाधिक खुपते ते आपण कोणाच्याच उपयोगाचे उरलो नाही हे. व्यायामाच्या बैठकीला रोजची एक निश्चित वेळ आणि एक निश्चित माणूस असावा. आजींनी समोर बसून स्वतःच्या मानेचे, खांद्याचे व्यायाम त्याच वेळी केले तर फारच उत्तम. बघणाऱ्यापेक्षा बरोबर करणारा माणूस त्याला अधिक बळ देतो. तो ओरडला तर ओरडू द्या. डोळ्यांत पाणी आणून ‘राहू दे रे आज’ असे मात्र म्हणू नका. पाहवत नसेल तर त्या वेळी स्वयंपाकघरात जा.

तरीही काही वेळा उदासी वहीने किंवा गप्पांनी हटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ तो जेवत नसेल, कोणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला असेल, तर तो स्वतंत्र आजार मानून डॉक्टरांना सांगावे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, आणि मराठीतही बोलता येते. रुग्णाला सांभाळणारी व्यक्तीही तो फिरवू शकते.

आहाराविषयी थोडक्यात. डिंकाचे लाडू जरूर करा, पण त्यांच्यावर विसंबू नका. नव्या हाडाला आणि ताणलेल्या स्नायूला प्रथिने हवीत: दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, दूध-दही, शेंगदाणे, चालत असेल तर अंडी, मासे. नाचणीतून चुना मिळतो. ‘ड’ जीवनसत्त्व रक्तात तपासून कमी असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्यावे. आणि तंबाखू कोणत्याही रूपात नको. विडी-सिगारेटने हाड भरणे मंदावते, ही गोष्ट अस्थिरोगतज्ज्ञांना फार वर्षांपासून ठाऊक आहे. त्याच खोलीत बसून आजोबा विडी ओढत असतील, तर त्यांनी अंगणात जावे. खरे म्हणजे तीही सोडण्याची ही उत्तम संधी आहे.

आणि आजी, तुमच्या पाठीविषयी. त्याला उचलू नका, ओढू नका. पलंग गुडघ्याच्या उंचीचा असावा, त्याने हातांच्या बळावर स्वतःला सरकवावे, तुम्ही केवळ रिंग लावलेला पाय खालून आधार देऊन वळवावा. रात्रीची पाळी मुलाने किंवा सुनेने घ्यावी. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि सकाळचा फेरफटका या सहा महिन्यांत मागे पडू देऊ नका. नातवाची वही आहे, तसे तुमचेही एक पान असू द्या.

रिंग निघाल्यावर पाय बारीक, कोरडा आणि काहीसा अनोळखी दिसेल. जिथे तारा होत्या तिथे लहान व्रण राहतील. पहिले काही आठवडे नवे हाड पडण्या-धडपडण्याचा मार सोसू शकत नाही, म्हणून काठी किंवा कुबडी, ओल्या फरशीवर पायपुसणे आणि दुचाकीला पूर्ण विश्रांती. पोटरीचे ताण तोवर निम्मे सोपे झालेले असतात. ते पुढेही काही महिने, दिवसातून दोन वेळा, चालूच ठेवायचे आहेत. टॉवेल न लागता, भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर घट्ट ठेवून.